कल्ले तयार होण्याआधी

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. सॅल्मन माशाच्या पिल्लांचं प्रकरण आलं की वर्गात हमखास कोणीतरी विचारतं, "मॅडम, म्हणजे आपला रावस ना?" नव्हे. रावस ताटात येतो, सॅल्मन परीक्षेत.

थंड प्रदेशातल्या नदीत हे पिल्लू एकेकटं राहतं. दगडामागची आपली जागा धरून बसतं, दुसरं जवळ आलं की हुसकावून लावतं. मग एका वसंतात त्याचं अंग चंदेरी होतं, कल्ले मीठ बाहेर टाकायला शिकतात आणि स्वभावही बदलतो. कालची भांडखोर पिल्लं थवा करून समुद्राकडे निघतात. पण थवा निघाला की ज्याचे कल्ले अजून तयार नाहीत असं एखादं पिल्लूही मागोमाग ओढलं जाऊ शकतं. खाऱ्या पाण्यात त्याच्या अंगातलं पाणी निघून जातं. चोहीकडे पाणी, आणि ते आतून सुकून मरतं. हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून अगदी रंगवून सांगते.

आणि घरी काय केलं? कप्पाळ माझं.

माझी मुलगी खराडीतल्या एका कंपनीत नोकरी करत होती. खिडकीजवळचं टेबल होतं, काम आवडत होतं, घरी येऊन त्याबद्दल तासन्‌तास बोलायची. मग शाळेपासूनच्या तिच्या चार मैत्रिणींनी मास्टर्ससाठी जर्मनीला जायचं ठरवलं आणि माझ्यासकट पाचजणींच्या आयांनी मिळून व्हॉट्सॲप ग्रुप काढला. मला संताप येतो तो त्या ग्रुपचा. पाचही बॅगा एका मापाच्या, पाचही कुकर तीन लिटरचे, भाजणी कोणी किती द्यायची त्याची यादी. लग्नाआधी करतात तसं प्रत्येक घरी पाचहीजणींचं केळवण. मुलीला जायचंय का, हे तेवढं कोणी विचारलं नाही. मीही नाही. व्हिसाच्या मुलाखतीच्या दिवशी सकाळी तिला उलटी झाली. "आई, अजून एक वर्ष मला इथेच राहू दे," ती म्हणाली. मी लिंबू-सरबताचा पेला तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "एकटी मागे राहून काय करणार आहेस?" सव्वीस वर्षं शिकवते म्हणे.

नोव्हेंबरात एका रविवारी दुपारी तिचा फोन आला. मी मेथी निवडत होते. दोन आठवडे ती वर्गात गेली नव्हती. खोलीबाहेर पडवत नाही, जेवण जात नाही, असं तिने अडखळत सांगितलं. मग म्हणाली, "आई, मी परत येऊ?"

ये, एवढंच म्हणायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, "बाकीच्या चौघींना जमतंय ना गं?"

ती म्हणाली, "हो, जमतंय त्यांना." आणि बाबांचा गुडघा कसा आहे, ते विचारलं.

आता दर रविवारी मी तिला ये म्हणते. ती म्हणते, "नको गं, जमतंय."