खांद्यावरचे पाच डाग

माझा उजवा हात खांद्याच्या वर जायचा बंद झाला, तेव्हा मसाल्याचा हंगाम दोन महिन्यांवर आला होता. साल नक्की सांगता येणार नाही. सत्तरच्या पुढचं असावं, कारण धाकटी तेव्हा चालायला लागली होती.

आम्ही अंधेरीला गावठाणाच्या कडेला राहायचो. नवरा आरे कॉलनीत म्हशींच्या गोठ्यावर होता. मी उन्हाळ्यात गावठाणातल्या ख्रिस्ती घरांत मसाला कांडायला जायचे. वर्षाचा मसाला एकदम करतात ते, आणि काळ्या बाटल्यांत दाबून भरतात. लाकडी उखळाभोवती आम्ही तिघी उभ्या राहायचो. एकीचं मुसळ खाली आलं की दुसरीचं वर, मग तिसरीचं. ताल चुकला की मुसळावर मुसळ आदळतं. म्हणून जिचा हात अडतो तिला उखळापाशी कोणी उभं करत नाही. त्यात राग नसतो. पण एकदा दुसरी बाई त्या जागेवर आली की पुढच्या वर्षीही तीच येते. मला ती जागा सोडायची नव्हती.

घरात वैद्य होत्याच, माझ्या सासूबाई. नाक वाहिलं की वेखंड, पोट दुखलं की ओवा, आणि बाकी सगळ्यावर बिब्बा. बिब्बा दिव्यावर तापवायचा, सुईच्या टोकावर त्याचं तेल घ्यायचं आणि दुखऱ्या जागी टिपका द्यायचा. काळा डाग उठतो. एखादीला फोडही येतात. मी बिब्ब्याला नको म्हटलं, म्हणून त्या आरेच्या बाजूने निरगुडीचा पाला आणायच्या, तव्यावर गरम करून फडक्यात बांधायच्या आणि खांदा शेकायच्या. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. हात वर जायचा नाही.

माझ्याबरोबर कांडणारी शेजारीण एक दिवस दारात येऊन म्हणाली, "शाळेत शनिवारी सुयावाली डॉक्टरीण बसते. जा ना. नाहीतर माझ्या जावेला उभी करीन तुझ्या जागी, मग मला बोलू नको."

"सुया कसल्या?" सासूबाईंनी विचारलं.

"चिनी."

"चिन्यांशी लढाई झाली ना आपली? आता त्यांच्याच सुया टोचून घ्यायच्या?"

तरी त्या माझ्याबरोबर आल्या. मला सोबत म्हणून नव्हे, बघायला. पहिलीच्या वर्गात मुलांच्या बुटक्या बाकांवर बायका ओळीने बसल्या होत्या. कुणाच्या हातात सुया, कुणाच्या कानात, आणि तशाच भाजीच्या भावाबद्दल बोलत होत्या. डॉक्टरीण तिशीची, घाटकोपरची गुजराती. दाराशी एक डबा ठेवलेला होता, ज्याला जे जमेल ते त्यात टाकायचं. कुणी अंडी आणून दिली तरी घ्यायची. सुया ती स्टोव्हवर उकळून घ्यायची. ते बघून सासूबाई जरा पुढे सरकल्या.

खांद्याला पाच सुया लावल्या. मुंगी चावल्यासारखं झालं, मग आतून जड. सासूबाई इतक्या जवळ वाकून बघत होत्या की डॉक्टरीण म्हणाली, "आजी, उजेड येऊ द्या."

घरी आल्यावर त्यांनी बिब्बा तापवायला घेतला.

"आत्याबाई, आता कशाला?"

"अगं, तिने जागा बरोबर दाखवल्या. आजवर मी सगळ्यांना अंदाजाने लावत होते. जागा तिच्या, औषध आपलं. दोन्ही मिळून लवकर गुण येईल."

मला ते पटलं. चौथी शिकलेली मी, पण तेव्हा ते अगदी शहाणपणाचं वाटलं. पाच सुयांच्या पाच खुणांवर त्यांनी पाच टिपके दिले. तिसऱ्या दिवशी पाचही जागी फोड आले, खांदा सुजला, चोळी घालता येईना. सासूबाई नारळ किसायला बसल्या. खोबऱ्याचं दूध लावत राहिल्या. चूक झाली असं त्या म्हणाल्या नाहीत, पण आठवडाभर भाकऱ्या त्यांनीच थापल्या.

शनिवारी डॉक्टरणीने पदर बाजूला केला आणि एकेक फोड वाकून बघितला.

"आ शुं... मावशी, हे कोणी केला?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "तू जागा दाखवल्यास म्हणून."

"आता महिनाभर इथे सुई नाही लावता येणार."

महिना असाच गेला असता तर हंगामापर्यंत हात सुटला नसता. मी तसं सांगितलं. मुसळ, तीन बायका, शेजारणीची जाऊ, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मग खाली बसून माझ्या नडगीच्या बाजूला एक सुई लावली.

"दुखतोय खांदा आणि टोचते पायाला," सासूबाई शेजारच्या बाईला म्हणाल्या.

"आता हात भिंतीवरून वर सरकवा. जोर नाही. जाईल तिथपर्यंत."

हात खांद्याच्या रेषेच्या वर दोन बोटं गेला. तिने तिथे खडूने रेघ मारली. सासूबाई उठल्या, रेघेजवळ गेल्या आणि बोटांनी स्वतः मोजून आल्या.

मग तसंच ठरलं. रोज घरी निरगुडीचा शेक, फोडांपासून लांब, आणि भिंतीवरून हात सरकवणं. शनिवारी पायाला सुई. शेकाला डॉक्टरणीची हरकत नव्हती, उलट कुठला पाला ते तिने विचारून घेतलं. खडूची रेघ चढत गेली. एका आठवड्यात चढलीच नाही, तेव्हा मी घरी जाऊन भांडी आपटली. पुढच्या आठवड्यात तीन बोटं चढली. हात सुईने सुटला, पाल्याने सुटला की दिवस गेले म्हणून सुटला, मला माहीत नाही. विचारणाऱ्याला मी तिन्ही सांगते.

पुढे सासूबाईही गुडघ्यापर्यंत लुगडं सारून त्या बुटक्या बाकावर बसायला लागल्या. बिब्बा घरीच ठेवून यायचा, ही डॉक्टरणीची अट त्यांनी पाळली.

मिरच्या वाळल्या आणि बोलावणं आलं. हात अजून पुरता वर जात नव्हता, कपाळाच्या वर चार बोटं, बस. तोंडाला फडकं बांधून आम्ही तिघी उखळाभोवती उभ्या राहिलो. शेजारणीने मुसळ उचललं आणि माझ्या खांद्याकडे बघितलं.

"अडला तर आधी सांग. माझं डोकं फुटायच्या आत."

"तू तुझा ताल सांभाळ," मी म्हटलं आणि मुसळ वर नेलं. कांडायला कपाळाच्या वर चार बोटं पुरतात.