वाकलेला अंगठा

सकाळी उठते तेव्हा माझा उजवा अंगठा वाकून अडकलेला असतो. डाव्या हाताने ओढला की टक्कन सुटतो आणि डोळ्यांत पाणी येतं. डॉक्टर म्हणाले, पट्टी बांधून काही आठवडे विश्रांती द्या, नाहीतर इंजेक्शन घ्या, त्यानेही नाही सुटला तर छोटं ऑपरेशन करू.

रात्री जेवताना घरात त्यावर चर्चा झाली.

"विश्रांती घेतलीस तर गणपतीत मोदकांना कळ्या कोण पाडणार?" सासूबाई म्हणाल्या.

"इंजेक्शनच घे," आमचे हे पोळी मोडत म्हणाले. "लगेच कामाला लागशील."

माझ्या हातांविषयी या घरात पहिल्यांदाच एवढं बोललं गेलं. मी वाढता वाढता अंगठ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत कामाला नाही म्हणणारा तो एकटाच निघाला, आणि सगळे मिळून त्यालाच सरळ करायला बसलेत.