चार इंच

कामठीच्या पुढे, टेकडीच्या उतारावर आमचे सुट्टीचे घर आहे : दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. साठ फुटांत जमीन नऊ फूट उतरते, तीही नेमकी नैऋत्येकडे. न्हाणीघर बाहेर, पाच पायऱ्या खाली होते. खुब्याच्या ऑपरेशननंतर आई वॉकरवर आली आणि तिने तिथे येणेच सोडले. "कोणी धरून नेणार असेल तर मी नाही येत," एवढेच म्हणाली.

म्हणून आम्ही स्वयंपाकघराला लागून उताराच्या बाजूला एक खोली आणि न्हाणीघर वाढवायला घेतले. अट एकच : नवी फरशी जुन्या फरशीच्या पातळीत. पाण्याच्या नळीने पातळी काढून मी स्वतः भिंतीवर लाल रेघ मारली आणि मिस्त्रीला दाखवली. दर रविवारी जाऊन टेप लावायचो. एक रविवार लग्नामुळे चुकला. पुढच्या रविवारी पाहतो तर काँक्रीट चार इंच वर.

"रेघ दिसली नाही का?"

"दिसली न साहेब. पण नैऋत्य खाली ठेवत नाई. घरातल्या मोठ्या माणसाले भोवते. तुम्हीच सांगतलं होतं न, आईची खोली हाय म्हणून. म्हणूनच तं उचलली!"

मी आवाज चढवला. माझ्या मागे उभी असलेली बायको म्हणाली, "तुम्ही त्याले रेघ दाखवली. वॉकरचं सांगतलं का?"

नव्हते सांगितले. आकडा दिला की काम झाले, असे मी नेहमीच धरून चालतो.

वॉकरचे कळल्यावर मिस्त्री कपाळाला हात लावून ओट्यावर बसला. "फोडतो साहेब," म्हणाला. पण काँक्रीट फोडले तर जोत्याच्या भिंती हादरल्या असत्या. मी हिशेब केला : एका इंचाला एक फूट, म्हणजे चार इंचांना चार फुटांची उतरण. स्वयंपाकघरात दारापुढे जागा होती अडीच फूट. दीड फुटात बायकोचे भांड्यांचे कपाट उभे होते.

"काढा ते," ती म्हणाली. "इथं आपण येतो किती दिवस!"

मिस्त्रीने उतरण खरबरीत ठेवली, पाय सरकू नये म्हणून. बाजूला पाइपाचा कठडाही न सांगता बसवला. या वेळी न सांगता केलेले मला चालले.

दिवाळीनंतर आईला घेऊन गेलो. ती उतरणीपाशी थांबली. मी मागे दोन्ही हात पुढे करून उभा.

"काहून रे, मी काय पडणार हाओ? सरक तिकडं. चहा मांड."

मी सरकलो. वॉकर चार वेळा टेकला, पाचव्यांदा नव्या फरशीवर. आई खोली ओलांडून गेली आणि न्हाणीघराची कडी आतून लागल्याचा आवाज आला. बायकोने माझ्याकडे पाहिले. मी चहाचे आधण ठेवले, तीन कप.