पावसापासूनचे दिवस

दुपारी आमची साइट बघायला शेतकरी पाहुणे येणार होते आणि सकाळीच माझ्या लक्षात आलं की ती खोटं सांगते आहे.

बीटी कपाशीला बोंडअळी लागत नाही, असं गावात सगळेच धरून चालले होते. मग गुलाबी अळी बोंडातच शिरली. त्या हंगामात माझी शाळा नववीत सुटली ती सुटलीच. आमच्या बीबी गावाहून लोणारला जाऊन मोबाइलच्या दुकानात वेबपेजं बनवायला शिकलो आणि पुण्याला आलो. एका लहानशा ऑफिसच्या ताईंनी मला शाळेचे कागद न मागता कामाला बसवून घेतलं. आधी काम बघू, मग ठरवू, म्हणाल्या. हे उपकार मी विसरलेलो नाही. तेव्हा मात्र त्यांचीच धास्ती वाटायची.

साइट कपाशीवाल्यांसाठी होती. पेरणीची तारीख टाका, अळीचे पतंग पकडणारे सापळे कधी लावायचे ते ती सांगे. दिवस मोजणारं फंक्शन आधीच्या माणसाने प्रत्येक पानाच्या फाइलीत चिकटवून ठेवलं होतं. ताई म्हणाल्या, "हे एका फाइलीत आण, बाकीच्यांनी तिथूनच घ्यायचं." मी आणलं. नाव सगळीकडे एकच, म्हणून एक ठेवलं, बाकी पुसली.

त्या सकाळी तपासायला म्हणून आमच्याच वावराची तारीख टाकली. उत्तर आलं: सापळे आता लावा. सापळे लागतात कपाशी चांगली वाढल्यावर, म्हणून मी आईला फोन केला.

"माय, पऱ्हाटी केवढी झाली?"

"आता कुठी दोन पानं निघून राह्यली. काऊन?"

"एवढीच?"

"मंग! धूळपेर केली ना आपण. पाणी उशिरा आलं, बी पडून होतं मातीत. तू इसरला का बे, पुण्याचं पाणी पिऊन?" मग आवाज उतरला. "ठेवून घेतील ना तुले तिथं?"

"पाहू," म्हटलं आणि फोन ठेवला.

पावसाआधी कोरड्यात पेरलं तर दिवस पावसापासून मोजायचे. पुसलेल्यांपैकी एका फंक्शनमध्ये तेवढी एक ओळ जास्त होती, आणि मी ती बघितलीच नव्हती. गप्प बसावं, पाहुण्यांना दुसरंच पान दाखवावं, असंही मनात येऊन गेलं. पण आमच्याकडे असं पेरणारे पुष्कळ. ताईंच्या टेबलाशी जाऊन सगळं सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. "जुनी प्रत आहे?"

"आहे."

"मग उभा काय राहिलास?"

एकाच फाइलीत दोन फंक्शनं केली: एक 'पेरणीपासून', एक 'पावसापासून'. मग कोणतं पान कुठलं मागतं, ते एकेक उघडून जुळवत बसलो. शेवटचं पान जुळलं तेव्हा पाहुणे जिना चढत होते.

त्यांच्यातले एक पागोटेवाले काका खुर्ची ओढून बसले. "आमची तर धूळपेर असते भाऊ," म्हणत त्यांनी 'धूळपेर'चं बटण दाबलं. पडद्यावर प्रश्न आला: पाऊस कधी पडला? काका मोठ्याने हसले. "हे बरं इचारते!"

ताईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. फक्त त्यांच्यापुढचा चहा माझ्याकडे सरकवला आणि पाहुण्यांना म्हणाल्या, "पुढे काही अडलं तर याला विचारा, हा इथेच असतो."

मी बाहेर जाऊन आईला फोन लावला.

"ठेवलं का रे?"

"हाव," म्हटलं. आणि आपले सापळे कधी लावायचे, ते तिला सांगितलं.