मागच्या गाडीने ये

साऱ्या किनाऱ्यावर त्यांना सुट्टेकाका म्हणत. एकतीस वर्षं बसमध्ये "सुट्टे द्या, सुट्टे द्या" करता करता खरं नाव कधीच मागे पडलं होतं. माणूस सरळ. इतका सरळ, की कुठे वाकावं तेही कळू नये.

निवृत्त होऊन आठ वर्षं झाल्यावर एका सकाळी काका नातीची कॉलेजची सॅक पाठीला लावून, बायकोचा हात धरून स्टँडवर निघाले. लेकीने दारातच अडवलं.

"बाबा, आईला घरातली मोरी सापडत नाही आणि तुम्ही तिला आठ दिवस बसने किनारा दाखवणार?"

"अजून ओळखते ती मला," काका म्हणाले. "निदान सकाळी तरी ओळखते. नंतर नेऊन काय उपयोग?"

सॅकमध्ये तिची औषधं, दोघांचे कपडे आणि बिस्किटांचे पुडे. गाड्या बदलत, वाटेत मुक्काम करत शेवटच्या थांब्यावरच्या दीपगृहापर्यंत जायचं, असा बेत होता.

या दीपगृहाने काकांचं काळीज कुरतडलं होतं. लग्नाला पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा बायको एकदा नवी साडी नेसून त्यांच्याच गाडीत चढली होती. तिला दीपगृह बघायचं होतं. आपल्या ड्युटीच्या गाडीत घरचं माणूस नको, हा काकांचा नियम. डेपोचासुद्धा इतका कडक नव्हता. ती म्हणाली, "अहो, मग फाडा की तिकीट." पण तिकीट फाडलं तरी लोक म्हणणार, फुकट नेली. काकांनी तिला चौथ्या थांब्यावर उतरवलं. "मागच्या गाडीने ये," म्हणाले आणि घंटी दिली.

मागची गाडी त्या दिवशी रद्द होती. सकाळी डेपोत फळ्यावर लिहिलेलं काकांनी स्वतः वाचलं होतं, आणि कामाच्या धांदलीत साफ विसरले. आठवलं ते संध्याकाळी. घाबरत घरी आले तर बायको पोळ्या लाटत होती. पाय सुजलेले. "बघून आले हो," ती म्हणाली. "छान होतं." काकांना कळत होतं, ही खोटं बोलते आहे. पण ते खोटं त्यांच्या सोयीचं होतं. त्यांनी मुकाट्याने ताट पुढे ओढलं. तो विषय पुन्हा दोघांनीही काढला नाही.

आज मात्र ती खिडकीशी बसून खुशीत होती. नारळाची झाडं मागे पळत होती, खारा वारा केस विस्कटत होता, मांडीवर बिस्किटांचा चुरा पडला होता. काकांना वाटलं, चला, देर आए दुरुस्त आए.

चौथा थांबा आला आणि ती उठली. पदर सावरला आणि कोणी सांगायच्या आत खाली उतरली. काका सॅक ओढत मागे धावले. "अगं, इथे नाही! अजून खूप पुढे जायचंय!"

तोवर ती शेडमधल्या बाकावर बसलीसुद्धा. गाडी निघून गेली. काका शेजारी बसले. उन्हं चढली. तासाभराने मागची गाडी आली.

"चल, उठ. आली बघ गाडी."

ती जागची हलली नाही. तिने त्यांच्याकडे पाहिलं. परक्या माणसाकडे पाहावं तसं, अदबीने.

"आज ती गाडी नसते हो, भाऊ. मी दुपारपर्यंत बसले होते ना इथे. मग चालत गेले घरी." ती जवळ सरकली. "आमच्या ह्यांना मात्र सांगू नका हं. कंडक्टर आहेत ते. बघून आले म्हणून सांगितलंय मी. त्यांच्या जिवाला लागेल."

काकांना रडू आवरेना. तोंड फिरवून ते कसेबसे म्हणाले, "नाही सांगत."

कंडक्टरने दारातून विचारलं, "आजोबा, येताय ना?"

काकांनी हातानेच नाही म्हटलं. दोन घंट्या वाजल्या आणि गाडी दीपगृहाकडे निघून गेली.