फुकटचं लिनक्स आणि काकांचा मोडेम

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी पेणहून एस्टीने रोह्याला आणि तिथून कंपनीच्या बसने धाटावला जायचो. रसायनांच्या एका लहान कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचं काम होतं. सगळ्यांच्या फायली एका जागी राहाव्यात म्हणून मी एका जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही सिस्टिम टाकली. सीडी मासिकासोबत फुकट आली होती.

डिस्पॅच बघणाऱ्या वयस्कर क्लार्कना, सगळे ज्यांना काका म्हणत त्यांना, तेच खटकलं. "फुकट देतात म्हंजे बदल्यात कायतरी नेत असणार. आपले रेट बाहेर जात नाय ना?"

थोड्याच दिवसांत दुपारचं नेटवर्क रखडायला लागलं. साधी फाईल उघडेना. मी केबल बदलली, ड्रायव्हर बदलला, तसलंच दुसरं नेटवर्क कार्ड आणून बसवलं. काही उपयोग नाही. मग लक्षात आलं, काका त्या लिनक्सवाल्या मशीनसमोर बसले की हे होतं. मशीनमधल्या मोडेमवरून, फोनच्या लाइनीतून, ते रोज मुंबई ऑफिसला गेलेला माल कळवत. ते उठले की सगळं सुरळीत.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. लिनक्स बदनाम करायला हा माणूस नक्की काहीतरी करतोय. फाईल शोधायच्या निमित्ताने मी त्यांच्या पाठीमागे घुटमळायचो. ते लगेच स्क्रीनसमोर आडवे यायचे.

एक दिवस काका रजेवर होते. दुपारीही नेटवर्क झक्कास. माझा संशय पक्का झाला. मग त्यांच्याऐवजी मीच मोडेम चालू केला, आणि पलीकडच्या टेबलावरून अकाउंटवाल्या बाई ओरडल्या, "अहो, परत अडकलं!"

मशीन उघडलं. प्रोसेसरला हाक मारण्यासाठी प्रत्येक कार्डाला वेगळा नंबर लागतो. इथे मोडेम आणि नेटवर्क कार्ड, दोघंही तीन नंबरवर. जुन्या धाटणीची कार्डं. लिनक्सला ते कळायचा मार्गच नव्हता. मी नेटवर्क कार्डाचा जंपर, म्हणजे पिनांवरची छोटी टोपी, हलवून दहा नंबर दिला, ड्रायव्हरलाही तोच सांगितला. मोडेम चालू असतानाही फायली भराभर उघडल्या.

दुसऱ्या दिवशी काकांनी आल्या आल्या मशीनच्या कॅबिनेटचे सैल राहिलेले स्क्रू पाहिले.

"मी नसताना उघडलंस व्हय? काय काढलंस?"

"काढलं नाही काका, नुसता नंबर बदलला."

"कसला नंबर? कोणाला विचारून?"

मी झाकण काढून दाखवलं. बॅटरी मारून ते बराच वेळ आत बघत राहिले. दुपारी कॅबिनेटला एक छोटं कुलूप लागलं, आणि चावी काकांच्या खिशात गेली.