चाचांचा मेलेला कान

चाकणच्या नाक्यावरचे चाचा डाव्या कानाने ठार बहिरे होते आणि त्याची त्यांना चांगलीच मिजास होती. "उजवा कान दुनियेचा. डावा मेलाय, तो तिकडचं ऐकतो," असं ते गिऱ्हाइकाला सुनवायचे. तिकडचं म्हणजे कुठलं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. मी पुण्याहून नवीनच आलेला डॉक्टर, मी विचारलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "तुमचे पेशंट जात्यात तिथलं." त्यानंतर मीही कधी विचारलं नाही.

त्यांचं गॅरेज म्हणजे चिंचेखालचा पत्र्याचा आडोसा. पलटणीत मोटारी हाकलेला माणूस. अंगाने काडी, तोंडाने तोफ. पितळी टोकाची काठी खणखण वाजवत यायचे आणि बॉनेटला हात लावण्याआधी गाडीभोवती फिरून उजवा कान पत्र्याला लावायचे. "आधी तिला बोलू द्या राव. तुमी लगेच पोट फाडता," हा टोमणा मला असायचा. स्वतःचं निदान चुकलं तर मात्र कबूल करायचे नाहीत. "गाडी खोटं बोलली," म्हणायचे.

माझी मोटार जुनी विलायती, इनामदारांच्या घरून आलेली. ते थोरले इनामदार मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसत आणि गाडी थांबवायची झाली की तोंडाने न सांगता काठी खाली आपटत. त्या काळी त्यांचे ड्रायव्हर चाचाच होते. पुण्याच्या दवाखान्यात नेताना इनामदार त्याच जागेवर वारले, हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. मी गाडी घेतल्यावर लोकांनी मला ते सावकाशीने सांगितलं.

पहिला आवाज आला तो मोशीच्या अलीकडे, भर दुपारी. मागून, खालच्या अंगाने, टक. बराच वेळ काही नाही. मग टक टक, जरा घाईने. कधी आठवडाभर गप्प, कधी घरातून निघाल्याबरोबर सुरू. चाचांनी मागचे पाटे आवळले, स्टेपनी काढली, सायलेन्सरला काथ्या गुंडाळला, दारांत चिंध्या कोंबल्या. मग मी गाडी चालवायची आणि त्यांनी मागे उजवीकडे डोळे मिटून बसायचं. डावी जागा ते रिकामी सोडत. ते बसले की आवाज यायचा नाही, उतरले की यायचा. "मला वळखतंय," ते एकदा पुटपुटले. त्यांच्या बोलण्यात मिजास नाही असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

अशात महाळुंग्याच्या सुंद्राचे दिवस भरत आले. मूल आडवं होतं, आणि पहिलं तिने गमावलेलं होतं. पुण्याला नेल्याशिवाय ती वाचणार नव्हती, आणि बैलगाडीत तिचा निभाव लागला नसता. पण गाडीतल्या आवाजाची कुणकुण सासूपर्यंत पोचली होती, ती दारात उभी राहिली. "त्या गाडीत इनामदार सरकार बसत्यात. माझ्या सुनेला मी मढ्याशेजारी बसवायची न्हाई." मी समजावलं, रागावलो, शेवटी हात जोडले. म्हातारी ढिम्म. "आधी त्यो आवाज घालवा, मंग बघू."

चाचांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "सासूला घिऊन या."

म्हातारी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. चाचांनी आम्हाला चिंचेखाली थांबवलं, काठीसकट मागच्या सीटवर शिरले आणि दार ओढून घेतलं. ते त्या डाव्या जागेकडे वाकले आणि मेलेला कान तिथे लावून बसले. काचेतून त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मध्येच थांबत, मान डोलवत, पुन्हा बोलत. चांगलं ऊन पडलं होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या मुठीत काठीच्या टोकाची पितळी टोपी होती. "सरकारांच्या काठीची. फळीखाली घरंगळत व्हती, तिचाच आवाज." म्हातारीने ती उलटसुलट पाहिली, कपाळाला लावली आणि म्हणाली, "आणा गाडी."

सुंद्रा पुण्याला पोचली. वाटेत टक नाही की टुक नाही. मुलगी झाली, मायलेकी सुखरूप. "आत कुणाशी बोलत होतात?" मी चाचांना विचारलं. "बोल्टाशी. शिव्या घालत व्हतो," म्हणाले. मी पोटभर हसलो.

गाडी त्यानंतर गप्प झाली ती झालीच. चाचाही हळूहळू मुकाट होत गेले. पूर्वी खणखण ऐकून ते येताहेत हे कळायचं. आता वळून पाहावं तर पाठीशी उभे. वय झालं, असं मी समजत होतो.

पुढे त्यांचा उजवा कानही गेला आणि त्यांनी अंथरूण धरलं. शेवटचा भेटायला गेलो तेव्हा उशाशी काठी भिंतीला टेकलेली होती. तिच्या टोकाला पितळ नव्हतं. उघडं लाकूड झिजून पार चेंदलं होतं. मी काठीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. बोलून उपयोग नव्हता, पण त्यांना कळलं.

"टोपी माझीच व्हती," ते म्हणाले. "गाडीत काय बी न्हवतं."

मी त्यांचा हात धरला.

"शेवटच्या दिशी सरकार सारखी काठी आपटत व्हते. पानी पायजे असंल. मी थांबलो न्हाई, दवाखाना गाठायचा व्हता. मरत्या मानसाचं येवढं बी ऐकलं न्हाई मी. म्हून त्या सकाळी गाडीत त्यांना म्हटलं, ह्या पोरीला पोचू द्या. मंग मी येतो सोबतीला. म्हनाल तिथं थांबू."

दोन दिवसांनी चाचा गेले. इतका भांडखोर माणूस, पण त्यांना मूठमाती देताना मला हुंदका आवरला नाही. परतताना गाडीत मी एकटाच होतो. ऊन होतं, रस्ता मोकळा होता. चिंच मागे पडली आणि मागून आवाज आला. टक. पितळेचा नव्हता; नुसत्या लाकडाचा, बोथट. पाठोपाठ डावीकडून दुसरा, जुना, खणखणीत.

भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण मी गाडी थांबवली.